टूबीफिल्डची मावशी

गल्लीच्या टोकाला एक सुतारशाळा आहे. दिवसभर तिथे करवत ओरडत असते, आणि रंध्याखालून निघालेल्या पातळ साली वाऱ्याबरोबर रस्ता ओलांडून समोरच्या सायकलवाल्याच्या दारात जाऊन पडतात. भुशाच्या या राज्यात पुढची एक खोली मात्र डोळ्यातल्या बाहुलीसारखी स्वच्छ असते. तिला काचेचं दार आहे, दाराच्या कडांना जाड लोकरी कापडाची पट्टी ठोकलेली आहे, आणि दाराबाहेर दोन पायपुसणी आहेत. पहिलं पाहुण्यांसाठी, दुसरं खास सुतारासाठी. ही सगळी करामत सुतारानेच केली. तो म्हणतो, "कॉम्प्युटरच्या पोटात भुसा गेला तर यंत्र बिघडत नाही, संसार बिघडतो."

आत मावशी बसलेली असते. सुताराची बायको. वयाने साठीच्या उंबऱ्यावर, अंगाने काटकुळी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि अंबाड्यात एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. तो तिथे आहे हे विसरून ती कधीकधी तासभर तोच शोधत बसते. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा तिला मावशीच म्हणतात. कॉम्प्युटर बिघडला की तो उचलून माणसं तिच्याकडे येतात आणि टेबलावर ठेवून म्हणतात, "मावशी, चालत नाही."

मावशी लगेच झाकण उघडत नाही. हा तिचा नेम आहे. यंत्रात थोडी जरी धुगधुगी असली तर ती आधी गळ्यातल्याच दोरीला बांधलेला पेन ड्राइव्ह त्याला लावते. त्यात एक फुकटचा प्रोग्रॅम आहे, सीपीयू-झेड नावाचा. तो चालू केला की पोस्टकार्डाएवढी एक चौकट उघडते, आणि यंत्राच्या आत काय काय आहे ते त्यात ओळीने दिसतं. डोकं कोणत्या जातीचं, किती वेगाचं. मुख्य पाटी कुणी बनवली. स्मृतीच्या पट्ट्या किती, कोणत्या खाचेत कोणती, तिचा कारखाना, तिच्या जन्माचा आठवडा आणि तिचा स्वतःचा नंबर. मावशी ते सगळं छापते, गिऱ्हाइकापुढे ठेवते आणि सही घेते. मगच अंबाड्यातला स्क्रू-ड्रायव्हर निघतो.

या कागदाला ती जबानी म्हणते.

"पंचनामा झाल्याशिवाय मावशी मयताला हात लावत नाही," असं सायकलवाला म्हणतो. त्याच्या तोंडाला कुलूप नाही. पण जबानीची मजा त्यानेही पाहिली आहे. एकदा एक गृहस्थ झकास यंत्र घेऊन आले. पुढच्या बाजूला चकचकीत स्टिकर, सगळ्यात भारी डोक्याचा. जावयाने पाठवलं होतं. मावशीने जबानी घेतली आणि चष्मा वर सरकवला.

"काका, बिल्ला फौजदाराचा आहे, पण आत रखवालदार बसलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे स्टिकर दुसऱ्याचा. आतलं डोकं साधं आहे. पण काम करेल हो, रखवालदार कष्टाळू असतो."

काकांनी सही केली, यंत्र दुरुस्त करून नेलं, आणि स्टिकर नखाने खरवडून काढला. जावयाला काही बोलले की नाही, ते ठाऊक नाही.

जबानीचा हा नेम मावशीने पुस्तकातून घेतलेला नाही. तो तिच्या बापाकडून आला. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, शेजारी टिकटिकणारी पंचवीस-तीस घड्याळं, आणि पायाशी ही धाकटी मुलगी, सांडलेले स्क्रू वेचणारी. एकदा गावातल्या वकिलाने खिशातलं घड्याळ दुरुस्तीला दिलं आणि नेल्यावर आठ दिवसांनी परत येऊन सांगितलं की आतलं चाक बदललं आहे, अस्सल काढून नकली बसवलं आहे. वडील म्हणाले, नाही. वकील म्हणाला, दाखवा. दाखवायला काहीच नव्हतं. घड्याळ उघडण्याआधी आत काय होतं, ते फक्त वडिलांच्या डोळ्यांना माहीत होतं आणि डोळ्यांची साक्ष कुणी घेत नाही. त्या दिवसापासून वडील वही ठेवू लागले. झाकण उघडायच्या आधी घड्याळाचा नंबर, ओरखडे, डाग, सगळं लिहायचं आणि सही घ्यायची. पण तोवर गावभर बोभाटा झाला होता. वही भरत नव्हती, कारण घड्याळंच येत नव्हती. वडील पुढे सहा वर्षं दुकानात बसले, भिंग कपाळावर चढवून, रस्त्याकडे बघत.

मुलीने ती सहा वर्षं पाहिली.

लग्न होऊन ती सुताराच्या घरी आली. आधी गजराची घड्याळं, मग रेडिओ, मग इस्त्र्या करता करता एक दिवस शेजारच्या फोटोवाल्याचा बंद पडलेला कॉम्प्युटर तिच्या टेबलावर आला. तिने तो खोलला, पुसला, जोडला आणि तो चालू झाला. का चालू झाला हे तिला आजही सांगता येत नाही. हा फुकटचा प्रोग्रॅम तिला झेरॉक्सवाल्याने दिला. "घ्या मावशी, फुकट आहे." मावशीने आठ दिवस तो उघडलाच नाही. फुकटात मिळतं त्यात काहीतरी गोम असणारच, असा तिचा हिशेब. नवव्या दिवशी उघडला, आणि ज्या यंत्राच्या आत दिवा धरून वाकून वाकून बघावं लागे, ते यंत्र झाकण न काढता स्वतःच बोलायला लागलं. त्या संध्याकाळी ती सुताराला म्हणाली, "बाबांना हे मिळायला हवं होतं."

इंग्रजी अक्षरं तिला लावता येत, वाक्य उलगडत नसे. त्यामुळे सुरुवातीला एक गंमत झाली. स्वस्तातल्या कितीतरी यंत्रांच्या जबानीत, पाटी कुणी बनवली या रकान्यात, एकच नाव येई. टू बी फिल्ड बाय आणि पुढे तीन अक्षरं. मावशीला वाटलं, मोठी कंपनी असणार. वर्षभर तिने वहीत इमानेइतबारे लिहिलं, कंपनी: टूबीफिल्ड. गिऱ्हाइकांना सांगितलं, "टूबीफिल्डचं आहे का? मग काळजी नको. त्यांची मशीनं दणकट असतात." दोघातिघांनी तर नवं यंत्र घेताना दुकानात जाऊन टूबीफिल्डचंच मागितलं म्हणे.

मग एक दिवस ती वाचनालयात गेली, जाड शब्दकोश पुढ्यात घेतला आणि एकेक शब्द लावला. त्याचा अर्थ निघाला, 'हे कारखान्याने भरावे'. रकाना कोरा होता. कारखान्यात कुणीतरी भरायचा होता आणि कुणीच भरला नव्हता. मावशी शब्दकोश मिटून इतकी हसली की ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं.

तेव्हापासून घरात टूबीफिल्ड हा शब्द राहायला आला. भाजीत मीठ पडलं नसलं की सुतार म्हणतो, "आज मीठ टूबीफिल्ड दिसतंय." त्याने खुर्चीचा चौथा पाय महिनाभर बसवला नाही की मावशी म्हणते, "ही खुर्ची कुठल्या कंपनीची हो?"

शब्दकोशामुळे तिची वाचनालयात ये-जा वाढली. पुढे वाचनालयाने वरच्या मजल्यावर लोकांसाठी बारा कॉम्प्युटर मांडले तेव्हा ते सांभाळायला कोण, असा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ग्रंथपालसाहेबांनी खोलीची किल्ली मावशीच्या हातात दिली. मावशीने ती कमरेला खोचली. पहिल्याच दिवशी तिने बाराच्या बारा यंत्रांची जबानी घेतली, छापली, आणि साहेबांची सही घेऊन एका निळ्या फायलीत लावली. लोखंडी जिन्यावरून ती उतरू लागली की किल्ली कठड्याला लागून खणखणे, आणि खाली पेपर वाचणाऱ्यांना कळे की साडेपाच वाजले. नऊ वर्षं हे चाललं.

मग वाचनालयात नवी लेखनिक बाई आली. तरुण, सडपातळ, केस घट्ट बांधलेले, आणि हिशेबाला अशी पक्की की टाचण्यासुद्धा मोजून ठेवी. पंधरवड्यात लोकांनी तिचं नाव बिनचूकबाई ठेवलं. तिने आल्या आल्या मालाची नोंदवही काढली आणि पुस्तकांपासून पंख्यांपर्यंत सगळं तपासायला घेतलं. कॉम्प्युटरच्या खोलीत ती दोन दिवस होती. प्रत्येक यंत्र चालू करायचं, त्याची माहितीची खिडकी उघडायची, त्यात स्मृती किती दिसते ते पाहायचं आणि नोंदवहीशी ताडायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मावशीला खोलीत बोलावलं.

"मावशी, बसा."

साहेब एरवी बसा म्हणत नसत. मावशी बसली.

"बाई, वाचा."

बिनचूकबाईने कागद समोर धरला. "यंत्र क्रमांक एक. नोंदीप्रमाणे स्मृती चार जीबी, प्रत्यक्ष सव्वातीन. फरक पाऊण. क्रमांक दोन. नोंद चार, प्रत्यक्ष सव्वातीन. फरक पाऊण. क्रमांक तीन..."

"सगळीकडे पाऊणच का?" मावशीने विचारलं.

"अकरा यंत्रांत पाऊण. एकूण सव्वाआठ."

मावशीने आधी तोंडावर हात धरला. मग हात काढून मोकळी हसली. "अहो बाई, पट्टी एक जीबीची असते, दोनची असते, चारची असते. पाऊण जीबीची पट्टी जगात कुणी घडवली असेल तर मला दाखवा, मी ती काचेत मांडून ठेवते. चोराने काय करवतीने पाव-पाव, पाऊण-पाऊण कापून नेली? माझा नवरा सुतार आहे म्हणून असं वाटलं का तुम्हाला?"

बिनचूकबाई हसली नाही. "माझं वाचून संपलेलं नाही. यंत्र क्रमांक नऊ. नोंद चार, प्रत्यक्ष दोन. फरक दोन. एकूण गहाळ, सव्वादहा जीबी."

मावशीचं हसू तोंडावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. अकरा यंत्रांची पाऊण काय भानगड आहे ते तिला ठाऊक होतं. नऊ नंबरचे दोन ठाऊक नव्हते. दोनची पट्टी असते. ती खाचेतून निघते, खिशात मावते आणि दुसरीकडे चालते.

"मावशी," साहेब म्हणाले, आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले. "मी काही म्हणत नाही. पण किल्ली तुमच्याकडे असते. झाकण उघडता येणारं माणूसही इथे एकच आहे. परवा समितीचे दोघे येणार आहेत, त्यांच्यापुढे ठेवावं लागेल. तोवर किल्ली इथे असू द्या."

मावशीने कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. त्या दिवशी ती सकाळी सव्वाअकरालाच घरी निघाली, आणि साडेपाचला जिन्याचा कठडा वाजला नाही.

सुतार चौकटीला पॉलिश करत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "काय गं, आज चोरपावलांनी आलीस?"

हा शब्द त्याने सहज वापरला होता. मावशी स्टुलावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. सुताराने पॉलिशचा बोळा खाली ठेवला.

"पाऊणचं तू समजावशील त्यांना. राहिली एक पट्टी. तुझ्या डब्यात अशा दहा पडल्यात ना? परवा तपासणी सुरू व्हायच्या आधी दुरुस्तीच्या नावाने जा, एक खाचेत सरकव, विषय संपला. नाहीतर सांग, खराब झाली म्हणून फेकली."

"नंबर वेगळा येईल."

"नंबर कोण बघतंय?"

"मी बघते."

सुताराने पॉलिशच्या डब्याला झाकण लावलं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं समजलं होतं की या बाईच्या लाकडात एक गाठ आहे, तिथे रंधा अडकतो. तो उठला आणि चहा ठेवायला गेला.

मावशीने तिची नऊ वर्षांच्या नोंदींची वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचत निघाली. कुठे पंखा बदलला, कुठे तार, कुठे उंदराने कुरतडलेली वायर. प्रत्येक ओळीला तारीख, प्रत्येक ओळीला सही. तीन वर्षांमागच्या एका पानावर तिचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'क्र. ९. वीज देणारा डबा जळाला. नवा येईपर्यंत बंद.' त्याच्या खाली नवी ओळ सुरू झाली होती. त्या ओळीत एकच शब्द होता, 'पट्टी'. पुढे काही नाही. कोरी जागा पानाच्या कडेपर्यंत.

तिने तो शब्द दहा वेळा वाचला. अक्षर तिचं होतं. कुणी हाक मारली असेल, वीज गेली असेल, साडेपाच वाजले असतील. पट्टीचं काय? काढली, पुसली, दिली? डोकं गदगदा हलवूनही काही सांडलं नाही. तिने वही तशीच उघडी ठेवली आणि कपाळावर चष्मा चढवून रस्त्याकडे बघत बसली. सुताराने चहाचा कप शेजारी ठेवला, तेव्हा त्याला सासऱ्यांची आठवण झाली.

समिती आली त्या दिवशी मी वाचनालयात होतो, म्हणून तिथे घडलं ते ऐकीव नाही. समितीचे दोघे म्हणजे एक निवृत्त मास्तर आणि एक औषधाच्या दुकानाचे मालक. आम्ही चारपाच वाचक पेपर घेऊन जिन्याच्या वर जाऊन उभे राहिलो. कुणी हाकललं नाही.

मावशी निळी फाइल आणि वही काखेत घेऊन आली. पेन ड्राइव्ह तिने गळ्यातून काढला आणि बिनचूकबाईपुढे धरला.

"मी यंत्राला हात लावणार नाही. बाई, तुम्ही लावा, तुम्ही वाचा. माझ्याकडे फक्त जुने कागद आहेत. नऊ वर्षांपूर्वीचे. त्यावर साहेबांची सही आहे."

बिनचूकबाईने एक नंबरला पेन ड्राइव्ह लावला. पोस्टकार्डाएवढी चौकट उघडली. मावशीने लांबूनच सांगितलं, चौकटीच्या वरच्या रांगेतलं एस-पी-डी लिहिलेलं दाबा. बाईने दाबलं आणि वाचलं. "खाच एक, दोन जीबी. नंबर..." ती नंबर वाचत गेली, मास्तर निळ्या फायलीत बोट ठेवून ताडत गेले. जुळला. "खाच दोन, दोन जीबी." तोही जुळला.

"म्हणजे चार आहेत?" औषधवाले म्हणाले. "मग सव्वातीन का दिसतात?"

मावशीने थोडा विचार केला. "समजा, गावात एक पोस्टमन आहे. त्याच्या वहीत चार हजार घरांचेच क्रमांक मावतात, एकही जास्त नाही. त्यातले साडेसातशे क्रमांक सरकारी कचेऱ्यांना आधीच दिलेले आहेत. आता लोकांची घरं चार हजार बांधली तरी पत्र किती घरांना पोचेल?"

"सव्वातीन हजार," मास्तर लगेच म्हणाले.

"उरलेली घरं पाडली का कुणी?"

"छे. आहेत तिथेच आहेत. क्रमांक नाही एवढंच."

"तसं हे. या यंत्रांवरची व्यवस्था जुन्या पोस्टमनसारखी आहे. पडद्याला, आवाजाला, असल्या बाकीच्या भागांना क्रमांक देऊन उरतात ते स्मृतीला. पट्टी चारचीच, मोजली जाते सव्वातीन."

बिनचूकबाईचे कान लाल झाले. पण ती बिनचूक होती, तिने अकराच्या अकरा यंत्रांना पेन ड्राइव्ह लावला आणि बावीस नंबर मोठ्याने वाचले. बावीसही जुळले. मग ती नऊ नंबरपुढे बसली.

"खाच एक, दोन जीबी. नंबर जुळतो?"

"जुळतो," मास्तर म्हणाले.

"खाच दोन." ती थांबली. "कोरी."

साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे एक तरी गेलीच."

"गेली," मावशी म्हणाली. "जुन्या जबानीत तिचा नंबर आहे, शेवट सात-चार-सी-एक. आज ती तिथे नाही. कुठे आहे मला माहीत नाही. तीन वर्षांमागे नऊ नंबर बंद होतं तेव्हा मी वहीत पट्टी एवढा शब्द लिहिला आणि पुढे लिहायचं राहिलं. म्हणजे तिला हात माझाच लागलाय. एवढं मी सांगते. याच्यापुढे मला आठवत नाही."

तिने वही उघडून टेबलावर ठेवली. मास्तरांनी तो एकच शब्द वाचला. औषधवाल्यांनी वाचला. मावशीची मान ताठ होती, पण हाताने ती कमरेपाशी किल्लीची रिकामी जागा चाचपत होती.

"या इमारतीत आणखी यंत्र आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"एक आहे," बिनचूकबाई म्हणाली. "साहेबांच्या खोलीतलं."

"ते तपासलं?"

"नाही."

"का?"

बाईने पदर सावरला. "साहेबांचं म्हणून."

मास्तर नुसते बघत राहिले. ती बघण्याची तऱ्हा चाळीस वर्षं वर्गात कमावलेली होती. बिनचूकबाई उठली, पेन ड्राइव्ह घेतला आणि तडक खाली गेली. आम्ही सगळे तिच्यामागे. साहेबांच्या खोलीत एवढी माणसं वाढदिवसालासुद्धा जमली नव्हती.

तिने आधी नोंदवही वाचली. "ग्रंथपालांचे यंत्र. स्मृती दोन जीबी. एक पट्टी." मग चौकट उघडली. "खाच एक, दोन जीबी. खाच दोन..." तिचा आवाज बारीक झाला. "दोन जीबी. नंबरचा शेवट, सात. चार. सी. एक."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जणू नंबर चष्म्यावरच होता. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवत गेलं. "अरे... ते वार्षिक अहवालाचं वर्ष. हे मशीन इतकं रखडत होतं..."

"आणि तुम्ही म्हणालात," मावशी एकदम म्हणाली, तिलाही तेव्हाच आठवलं, "मावशी, ते नऊ नंबर नाहीतरी बंद आहे, त्यातली एक इकडे लावा, दोन दिवसांसाठी. मी लिहायला बसले आणि तुम्ही हाक मारलीत, लवकर या म्हणून."

"हो. मीच मारली."

"दोन दिवस फार लांबले, साहेब," सायकलवाला मागून म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक.

औषधवाले बोटं मोजत होते. "थांबा. साहेबांच्या यंत्रात दोनची भर पडली, म्हणजे चार. पण दिसणार सव्वातीन. म्हणजे पाऊण पुन्हा गेली की!"

तेव्हा पहिल्यांदा बिनचूकबाई हसली. तिचे दात पांढरेशुभ्र आणि अगदी सरळ रांगेत होते.

साहेबांनी खणातून किल्ली काढून मावशीपुढे धरली. "मावशी, माफ करा. घ्या."

मावशीने हात पुढे केला नाही. "आधी नोंदवही."

बाईने पेन उघडलं. सव्वादहावर आडवी रेघ मारली. अकरा यंत्रांपुढे मावशीने सांगितलं तसं लिहिलं, 'पट्ट्या चार जीबीच्या, मोजल्या जातात सव्वातीन.' नऊ नंबरच्या रकान्याशी आल्यावर मावशी म्हणाली, "हा माझा," आणि पेन मागून घेतलं. तिचं अक्षर मोठं आणि सुटं आहे. तिने लिहिलं, 'एक पट्टी साहेबांच्या यंत्रात. बसवली मी. नोंद राहिली तीही माझीच.' खाली सही, तारीख. मग साहेबांकडे वही सरकवली. साहेबांनी सही केली.

"आता असू द्या की ती इथे," साहेब जरा अजिजीने म्हणाले. "मशीन बरं चालतंय."

"नऊ नंबरची आहे, नऊ नंबरला जाईल."

तिने साहेबांच्या यंत्राची जबानी घेतली, छापली, सही घेतली. मग अंबाड्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. पट्टी वितेहून आखूड, हिरवट, धुळीने माखलेली. तिने ती पदराने पुसली आणि वर नेऊन नऊ नंबरच्या दुसऱ्या खाचेत बसवली. ती बसताना टिक असा आवाज आला, घड्याळासारखा. नऊ नंबर चालू केलं, तेव्हा त्यानेही बाकीच्यांसारखे सव्वातीन दाखवले.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी बिनचूकबाई तेरा यंत्रांची जबानी स्वतः घेते. पेन ड्राइव्ह तिने मावशीकडून भरून घेतला आहे, आणि तीही तो गळ्यात अडकवते. साहेबांचं यंत्र पुन्हा रखडतं. ते तक्रार करत नाहीत.

समिती आली त्या दिवशी मात्र साडेपाचला जिन्याचा कठडा वाजला. मावशी घरी येऊन आपल्या खोलीत बसली, तेव्हा दुसऱ्या पायपुसण्यावर उभं राहून सुतार काचेतून डोकावत होता. त्याने किल्ली पाहिली, पाय पुसले आणि आत आला. मावशीने तीन वर्षांमागचं ते पान काढलं, 'पट्टी' या शब्दापुढच्या कोऱ्या जागेत आजची तारीख घातली आणि वाक्य पुरं करू लागली.

"काय लिहितेस?" सुताराने विचारलं.

"टूबीफिल्ड."

"कंपनी चांगली आहे म्हणे."

"दणकट," मावशी म्हणाली, आणि लिहीत राहिली.